फ्नॉम पेन्हहून आजीस

फ्नॉम पेन्ह
25 सप्टेंबर 2025

तीर्थरूप आजीस,

साष्टांग नमस्कार.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला सांगायचं तर पुष्कळ आहे, म्हणून हे पत्र. आईला म्हणावं, दुपारची जेवणं झाली की सावकाश वाच, आणि आजी थांब म्हणाली की थांब. घरी घट बसले असतील. यंदा मी इथे पितृपंधरवडा पाळला, त्याचीच हकिगत लिहिते आहे.

इथे कंबोडियात ख्मेर लोकांचा फ्चुम बेन नावाचा सण असतो. 'फ्चुम' म्हणजे एकत्र जमणं आणि 'बेन' म्हणजे आपला पिंड. महिनाही आपलाच, भाद्रपद. ते त्याला 'फोत्रबोत' म्हणतात. पंधरा दिवस पहाटे अंधारात माणसं विहारात जातात, भाताचे गोळे घेऊन प्रदक्षिणा घालतात आणि ते गोळे अंधारात टाकतात, उपाशी पितरांसाठी. शेवटी तीन दिवस साऱ्या देशाला सुट्टी. फॅक्टऱ्या बंद होतात आणि लाखो मुली गाठोडी घेऊन गावाकडे निघतात. आमच्या फॅक्टरीतली बाँग मला म्हणाली, तू एकटी खोलीत बसून काय करणार, चल माझ्या आईकडे.

बाँग हे तिचं नाव नव्हे. बाँग म्हणजे थोरली बहीण किंवा थोरला भाऊ. इथे मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. मोठं असेल ते बाँग, धाकटं असेल ते ओन. बायको नवऱ्याला बाँग म्हणते आणि नवरा तिला ओन, मग ती वयाने मोठी का असेना. मावशी आणि आत्या दोघींना एकच शब्द, मिंग. आईकडची आजी काय, वडिलांकडची आजी काय, दोघीही यिआय. तर ही बाँग चाळीस वर्षांची, शिलाईच्या एका लाईनची सुपरवायझर. तिच्या लाईनचे कपडे मी तपासते. उसवलेली शिवण माझ्या आधी तिला दिसते. तू कांड्या भरताना दोरा बोटाला लागला की न बघता सांगायचीस ना, ह्या गाठीला माग थांबणार म्हणून, तसंच तिचं आहे.

आम्ही व्हॅनने प्रेय वेंगला, तिच्या गावाकडे गेलो. पूर्वी तिकडे जायला मेकाँग नदी नावेतून ओलांडावी लागे, 2015 पासून न्येआक लोएंगला मोठा पूल आहे. सोळा माणसांच्या गाडीत आम्ही पंचवीस होतो, त्यात पुरुष चार. बाकी सगळ्या शिवणकाम करणाऱ्या पोरी. मांडीवर बिस्किटांचे डबे, नव्या चपला, कुणाच्या बाळासाठी दुधाची पावडर. पुलापलीकडे दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. भाद्रपदात मेकाँग फुगते आणि शेतं तळी होतात. घरं लाकडी खांबांवर उभी असतात, म्हणून वर माणसं राहतात आणि खाली पाणी खेळतं.

बाँगची आई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. डोकं तुळतुळीत, अंगावर पांढरं वस्त्र. आजी, मी क्षणभर थबकले. तू लहानपणी पाहिलेल्या त्या आलवणातल्या काकूंची गोष्ट सांगायचीस, त्यांचे केस न्हाव्याने कसे उतरवले आणि त्या माडीवरून कधी खाली कशा आल्या नाहीत ती. ते सगळं मनात आलं. पण इथे तसं नाही. इथे म्हातारपणी, विशेषतः नवरा गेल्यावर, पुष्कळ बायका आपणहून मुंडन करतात, आठ किंवा दहा शीलं घेतात आणि विहारात ध्यानधारणेला बसतात. त्यांना दोन ची म्हणतात. घरात आणि गावात त्यांचा मान वाढतो. बाँगच्या आईला मी यिआयच म्हणते. ती घरीच राहते, पण उपासाच्या दिवशी विहारात जाते. एवढं खरं की बाईला इथे भिक्षूची पूर्ण दीक्षा मिळत नाही. दोन ची विहार झाडते, भिक्षूंचा स्वयंपाक करते आणि खालच्या जागी बसते. तिच्या नातवाच्या वयाचा भिक्षू वरच्या आसनावर असतो. यिआयला त्यात वावगं वाटत नाही, मला वाटलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मागे तू विचारलं होतंस, तिकडच्या बायकांचं कसं असतं गं, आपल्यासारखंच? मी 'हो' म्हणून फोन ठेवला होता. ते उत्तर बरोबर नव्हतं.

इथे लग्न मुलीच्या दारी होतं आणि खर्च मुलाकडचे करतात. बोलणी होतात त्यात सुपारी असतेच, पण मुलाकडून मुलीच्या आईला पैसे द्यावे लागतात. त्या पैशाला एक नाव आहे, 'थ्लाय तेउक दोह', म्हणजे आईच्या दुधाचं मोल. आणि लग्न झाल्यावर, निदान सुरुवातीची वर्षं, जावई येऊन सासूसासऱ्यांजवळ राहतो. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. इथे ती रीतच आहे. म्हातारपणी आईबापांना बहुधा धाकटी लेक सांभाळते आणि घर तिच्याकडे जातं. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, आडनावसुद्धा नाही. नवरी ज्या नावाने जन्मली त्याच नावाने मरते.

लग्नात एक विधी असतो. नवरी पुढे चालते आणि नवरा तिच्या अंगावरच्या शेल्याचं टोक धरून मागोमाग खोलीत जातो. त्याची कथा अशी की भारतातून कौंडिण्य नावाचा ब्राह्मण गलबतातून इथे आला आणि त्याने नागराजाच्या मुलीशी, सोमाशी, लग्न केलं. समुद्राखालच्या नागलोकात जायची वाट त्याला कुठून ठाऊक असणार? म्हणून तिचा शेला धरून तो मागून गेला. ख्मेर लोक आपल्या देशाची सुरुवात या लग्नापासून धरतात.

घर चालवणाऱ्या बाईला इथे 'मे प्तेआह' म्हणतात. 'प्तेआह' म्हणजे घर, आणि 'मे' म्हणजे प्रमुख; गावच्या पाटलालाही 'मे फुम' म्हणतात. हाताच्या अंगठ्याला म्हणतात 'मे डाय'. तू स्वतःला कारभारीण म्हणतेस ना, तोच हा शब्द. आणि खरोखरच पैसे बायकोच्या हातात असतात. नवरा मिळवून आणतो आणि तिच्याकडे देतो, सोनं ती घेते आणि अडचणीत ती मोडते. बाजारात गेलं तर मासेवाली, भाजीवाली, कापडवाली, सोन्याच्या काचपेटीमागे बसलेली, डॉलर आणि रिएल मोजून देणारी, सगळ्या बायकाच. ही आजकालची गोष्ट नाही. 1296 साली चीनच्या बादशहाच्या वकिलातीबरोबर जौ दागुआन नावाचा माणूस अंगकोरला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत आला होता, वर्षभर राहिला. त्याने लिहून ठेवलंय की या देशात व्यापार बायका करतात, सकाळी सहापासून दुपारपर्यंत जमिनीवर चटई अंथरून बसतात, आणि इथे येणारा चिनी माणूस आधी एक बायको करतो कारण धंद्यात तिचा उपयोग होतो. सातशे वर्षांपूर्वीची ती चटई मी दर रविवारी बघते.

त्याच्याही शंभर वर्षं आधी राजा सातवा जयवर्मन याची राणी होती, इंद्रदेवी. ती मठांत शिकवायची. तिची धाकटी बहीण जयराजदेवी राजाची पहिली राणी. ती वारल्यावर इंद्रदेवीने तिच्यावर संस्कृतात काव्य रचलं. ते दगडावर कोरलेलं अंगकोरला फिमेआनाकास देवळात सापडलं. बहिणीने बहिणीसाठी लिहिलेलं काव्य, तेही संस्कृतात! आणि मग मधल्या काळात काय झालं की यिआयच्या पिढीतल्या बहुतेक बायकांना वाचता येत नाही? त्याचं उत्तर साधं आहे. शिक्षण विहारात होतं, आणि विहारात राहून शिकायची मुभा फक्त मुलांना होती.

संध्याकाळी जेवणानंतर यिआयने मला 'च्बाप स्रेय' म्हणून दाखवलं. च्बाप म्हणजे नियम, स्रेय म्हणजे स्त्री. लग्न ठरलेल्या मुलीला आई उपदेश करते असं ते काव्य. चाल इतकी गोड की जात्यावरच्या ओव्या आठवल्या. पण आपल्या ओव्या बायांनी रचल्या, दळता दळता. हे काव्य आईच्या तोंडी घातलेलं असलं तरी रचलं पुरुषांनी. त्याचा एक पाठ तर एकोणिसाव्या शतकातल्या राजा आंग डुओंगच्या नावावर आहे. पुरुषांसाठीही वेगळं 'च्बाप प्रोह' आहे, पण ते पाठ असलेलं या घरात तरी कुणी नव्हतं. स्त्रियांच्या काव्यात काय आहे? चालताना वस्त्राचा आवाज होऊ देऊ नको. नवऱ्याकडे पाठ करून झोपू नको. तो रागावला तर उलट बोलू नको. घरातला विस्तव बाहेर नेऊ नको आणि बाहेरचा विस्तव घरात आणू नको. हे सारं पाळणारी ती 'स्रेय क्रुप लेआक', म्हणजे आपली सर्वलक्षणसंपन्न. आजी, शब्दसुद्धा आपलाच, 'लक्षण'.

यिआयला हे सगळं तोंडपाठ आहे. बाँगला शाळेत शिकवलं होतं. बाँगची मुलगी एकोणीस वर्षांची, फ्नॉम पेन्हला कायदा शिकते. तिच्या वेळेपर्यंत पुस्तकातून बराच भाग काढला होता. 2007 मध्ये स्त्रियांसाठीच्या मंत्रालयाने आग्रह धरला तेव्हा. त्या मंत्रालयाच्या नावातही 'नारी' शब्द आहे. थोडा भाग राहिलाच आहे. मुलगी म्हणाली, "शाळेतून काढला तरी घरातून कोण काढणार?" बाँगने तिला डोळ्यांनी गप्प केलं. यिआय मात्र हसली. ख्मेरमध्ये एक म्हण आहे, पुरुष सोनं आणि बाई पांढरं कापड. सोनं चिखलात पडलं तर धुऊन घ्यावं, पांढऱ्या कापडाचा डाग जात नाही. मुलीने ती म्हण आम्हाला सांगितली आणि म्हणाली, "आजकाल डाग काढायचा साबण मिळतो." ह्यावर तिघीही हसल्या. म्हटलं, चला, कुणी दुखावलं नाही.

त्याच रात्री शेजारच्या घरातून भांडणाचा आवाज आला. आधी पुरुषाचा, मग काहीतरी आपटल्याचा, मग बाईचा. आमच्याकडे सगळ्यांचं बोलणं खाली आलं. यिआय हळूच म्हणाली, "प्लेउंग." विस्तव. म्हणजे तो त्यांच्या घरातला आहे, आपण बोलायचं नाही. 2005 पासून इथे घरगुती हिंसेविरुद्ध कायदा आहे, पण खांबांवरच्या लाकडी घरांत कायदा इतक्या सहज जिना चढत नाही. बाँग खाली मान घालून भांडी आवरत राहिली. मग ती मुलगी उठली, जिन्याच्या टोकाला गेली आणि मोठ्याने ओरडली, "मिंग! मीठ आहे का? आमचं संपलंय!" आवाज थांबला. मुलगी हातात वाटी घेऊन खाली उतरली, पाण्यातल्या फळीवरून पलीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा बरोबर ती शेजारीण आणि तिचं लहान पोर होतं. यिआयने नातीला शाबासकी दिली नाही, रागावलीही नाही. उठून आणखी एक मच्छरदाणी बांधली.

आपल्या कोपऱ्यावरच्या घरात असंच व्हायचं तेव्हा तू काय करायचीस ते मला आठवत होतं. तू खिडकी लावून घ्यायचीस आणि सकाळी त्या वहिनीसाठी भाकरी पाठवायचीस. मी तुला दोष देत नाही. पण मला त्या मुलीची वाटी फार आवडली.

दुसऱ्या दिवशी यिआयने तिच्या लग्नाची गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती. बाँग मला शब्द समजावत होती आणि मधेच तिचे शब्द अडायचे.

17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूज, म्हणजे इथल्या कम्युनिस्ट बंडखोरांनी सत्ता घेतली आणि 7 जानेवारी 1979 ला ती गेली. तेवढ्या काळात सतरा लाखांच्या आसपास माणसं मेली. उपासमारीने, रोगाने, कामाने, नाहीतर मारून टाकलेली. शहरं रिकामी केली, विहार बंद केले, बाजार बंद, पैसाच बंद. आणि लग्नं लावायची ती 'आंगकार', म्हणजे त्यांची संघटना. 1977 मध्ये यिआय वीस वर्षांची होती, कालवे खणायच्या टोळीत. एका संध्याकाळी तिला बोलावलं, एका मुलासमोर उभं केलं. अशा किती जोड्या होत्या ते तिला आठवत नाही, ओळीने उभ्या होत्या एवढं आठवतं. हात धरायला लावले, संघटनेची शपथ घ्यायला लावली. अंगावर रोजचे काळे कपडे. सुपारी नाही, भिक्षू नाही, आई नाही. "माझा शेला कुणी धरला नाही," ती म्हणाली. रात्री खोपटाखाली पहारेकरी कान देऊन उभे असायचे, दोघं नवराबायकोसारखी राहतात की नाही ते ऐकायला. नकार दिला तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

राजवट गेल्यावर काही जोड्या सुटल्या. ही दोघं एकत्र राहिली. बाँग 1985 ची. नवरा चांगला होता, असं यिआय म्हणाली, आणि मग थोडं थांबून, तोही घाबरलेलाच होता. तो जाऊन नऊ वर्षं झाली. 2018 च्या नोव्हेंबरात फ्नॉम पेन्हच्या खास न्यायालयाने त्या राजवटीच्या दोन बड्या नेत्यांना, नुओन चिया आणि खिउ साम्फान यांना, शिक्षा सुनावली. त्यात सक्तीची लग्नं हाही मानवतेविरुद्धचा गुन्हा धरला. बाँगने निकाल आईला फोनवर सांगितला तेव्हा ती भात निवडत होती. म्हणाली, बरं झालं, कुणीतरी म्हटलं.

त्यानंतरच्या वर्षांत गावात पुरुष थोडे आणि विधवा फार. नांगराला बायका, बैलामागे बायका, वाहून गेलेले बांध घालायला बायका. यिआयनेही नांगर धरला. 'बाई खोल बुडी मारू शकत नाही आणि लांब जाऊ शकत नाही' अशी म्हण असलेल्या देशाला त्या बायकांनी खायला घातलं. म्हण मात्र तशीच राहिली.

लांब जायची वेळ बाँगवर आली. 2004 साली ती एकोणिसाव्या वर्षी फ्नॉम पेन्हला शिलाईच्या फॅक्टरीत लागली. गावात बोभाटा झाला. शहरात गेलेली पोर, पांढरं कापड, तेच सगळं. तेव्हा किमान पगार महिना 45 डॉलर होता. यंदा, 2025 मध्ये, 208 आहे, म्हणजे आपले साधारण अठरा हजार. तो आपोआप वाढला नाही गं. 2013 च्या डिसेंबरात कामगार 160 डॉलर मागत रस्त्यावर आले, आणि 3 जानेवारी 2014 ला वेंग स्रेंग रस्त्यावर गोळीबार झाला, निदान चार माणसं गेली. बाँगची खोली जवळच होती. मुलीला पोटाशी घेऊन ती दिवसभर जमिनीवर पडून होती. मुलगी तेव्हा आठ वर्षांची.

तिचे कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत जातात. पहाटे पोरी उघड्या ट्रकमध्ये उभ्या राहून कामावर येतात, एकमेकींना धरून, तोंडावर क्रामा, म्हणजे चौकड्यांचा पंचा बांधून. ट्रक उलटल्याच्या बातम्या येतात. उन्हाळ्यात लाईनवर एक जण चक्कर येऊन पडली की मागोमाग दहा पडतात. बाळंतपणाची 90 दिवसांची रजा कायद्यात आहे, पण थोड्या महिन्यांच्या करारावर असलेल्या मुलीला दिवस गेले की करार पुढे वाढवायला विसरतात. हे मी स्वतः पाहिलंय. मी तपासणीच्या कागदावर शिवण, बटणं आणि मापं लिहिते. हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही. बाँगला मी म्हटलं तर ती म्हणाली, तू शिवण नीट बघ, माल परत आला तर आमचाच ओव्हरटाइम जातो.

आणि पगार कुठे जातो? तू विचारशीलच. अर्धा गावाकडे. यिआयची औषधं, घराच्या पत्र्याचं कर्ज. जमिनीचा कागद कर्ज देणाऱ्या संस्थेकडे गहाण आहे. या गावात ज्याचा कागद घरात आहे असा माणूस शोधावा लागेल. जुलैत थायलंडच्या सीमेवर लढाई झाली तेव्हा तिकडे कामाला गेलेले लाखो लोक परत आले. बाँगचा भाऊही बायकापोरांसकट आला आणि आता घरातच आहे. त्याला काम नाही. सकाळी तो जाळं टाकतो, आणि दुपारी त्याची बायको चुलीजवळ बसून बाँगला विचारते, तुमच्याकडे भरती कधी आहे? भाऊ जेवायला बसला की बाँगच त्याला वाढते. बारा तास लाईन सांभाळणारी, पन्नास जणींवर हुकूम चालवणारी बाई गावात आल्याआल्या चुलीशी बसली आणि तीन दिवस तिथून फारशी हलली नाही. पैसे आणणं तिच्याकडे आलं, पण चूल दुसऱ्या कुणाकडे गेली नाही. मला सगळ्यांत जास्त हेच बोचलं, आजी. आईचंही तसंच झालं ना, शाळेतली नोकरी आणि घरी आल्यावर पोळ्या?

मुलीच्या शिक्षणाचंही ऐक. गावाकडून शहरात शिकायला येणारी मुलं विहारात फुकट राहतात, पूर्वीपासूनची सोय. मुलींना ती नाही. म्हणून कित्येक मुली बारावीनंतर शिलाईच्या लाईनवर येतात, हुशार असून. काही संस्थांनी मुलींसाठी वसतिगृहं काढली आहेत, पण जागा थोड्या. ही मुलगी आईच्या खोलीतच राहते, नऊ बाय दहाच्या. तिला वकील व्हायचं आहे. तिने मला बोएंग काक तळ्याच्या बायकांबद्दल सांगितलं. फ्नॉम पेन्हमधलं ते तळं 2008 पासून वाळू टाकून बुजवलं आणि काठावरच्या हजारो कुटुंबांना उठवलं. तेव्हा पोलिसांपुढे उभ्या राहिल्या त्या घरच्या बायका. तेप वान्नी त्यांच्यातली एक, साधी गृहिणी. दोन वर्षं तुरुंगात काढून 2018 ला सुटली. 2023 पासून संसदेच्या अध्यक्षपदी खुओन सुदारी ही पहिली बाई आहे, पण त्या मुलीच्या भिंतीवर फोटो तेप वान्नीचा आहे.

बाळंतपणाचं सांगायचं राहिलं, तुला आवडेल. इथे बाळंत होण्याला 'छ्लाँग तोन्ले' म्हणतात, नदी ओलांडणं. बाँगच्या भावाची बायको नुकतीच नदी ओलांडून आलेली. तिच्या बाजेखाली यिआयने विस्तव ठेवलाय, अगदी तू काकूच्या बाजेखाली शेगडी ठेवायचीस तसा. 'आंग प्लेउंग', शेक. मी सांगितलं की आमच्याकडेही हेच करतात, तर यिआयने माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. मुलीला पहिलं न्हाण आलं की तिला महिनोन् महिने घरात सावलीत ठेवायचे, पुरुषाच्या नजरेस पडू द्यायचे नाहीत, आणि मग समारंभ. यिआयला 'चोल म्लुप' झालं होतं. बाँगला नाही, तोवर ते संपलं होतं. तुला मखरात बसवलं होतं ते मी तिला सांगितलं.

शेवटच्या दिवशी विहारात जायचं होतं. भिक्षू मेलेल्यांची नावं वाचतात, म्हणून घरोघरी कागदावर नावं लिहून नेतात. सात पिढ्यांपर्यंतचे पितर येतात असं मानतात, आईकडचे आणि बापाकडचे दोन्ही. नात लिहीत होती आणि यिआय सांगत होती. तिच्या आईचं नाव, तिच्या आईच्या आईचं, 1976 मध्ये गेलेल्या दोन बहिणींची, नवऱ्याचं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुझ्या माणसांची सांग, ती एवढ्या लांब तुला शोधत आली तर उपाशी जातील.

मी आजोबांचं सांगितलं, पणजोबांचं, खापरपणजोबांचंही. आप्पा दरवर्षी भटजींना सांगतात ते ऐकून पाठ आहे. यिआय म्हणाली, आणि बायका? मी पणजीचं सांगितलं, आप्पा घेतात ते. तिने विचारलं, हे तिच्या आईबापांनी ठेवलेलं? मी म्हटलं, नाही, हे लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं. बाँगने ते आईला सांगितलं, पण यिआयला कळेना. तिने पुन्हा विचारलं. मुलीने लेखणी वर धरून ठेवली होती. मला पणजीचं दुसरं नाव ठाऊक नव्हतं. तुझ्या आईचं तर कुठलंच नाव ठाऊक नव्हतं. आणि तुझं माहेरचं नाव? ते मी तुला कधी विचारलंच नाही. शेवटी कागदावर लिहिलं, 'यिआयची आई', आणि भिक्षूने तेच वाचलं.

तेव्हा आई हे वाचत असेल तर तिला इथे थांबव, आणि तुझं पहिलं नाव सांग. आत्याला, काकूला, घरात असतील त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. तुझ्या आईचंही सांग, आणि आठवत असेल तर आजीचं. आईला ती नावं तारखेच्या पानामागे लिहायला लाव आणि मला फोटो पाठव. मी ती ख्मेर अक्षरांत लिहून यिआयला देणार आहे. तिने पुढच्या वर्षीचा कागद आत्ताच जपून ठेवलाय, आणि 'यिआयची आई' या शब्दांशेजारी जागा सोडली आहे.

आप्पांना आणि आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी नात